अण्णांचा दहावा

पिंडाला कावळा शिवत नव्हता. समोरच्या बाभळीवर बसून नुसता बघत होता.

"अण्णा, शेत विकणार न्हाई," केदारनं वडलांना हात जोडून सांगितलं. "बहिणीला अंतर देणार न्हाई." कावळा हलला नाही.

गुरुजींनी सगळ्यांचे चेहरे पाहिले. "अण्णा गेल्यापासून घरात कोणी रडलं का?"

कोणी रडलं नव्हतं. आई गेल्यावर घर पार खचलं, तेव्हा केदारनं जालन्यातून मन प्रसन्न ठेवणाऱ्या अमिनो अॅसिडच्या कॅप्सूल आणल्या होत्या. तेव्हापासून सगळे रोज घेत होते. अण्णांनी मात्र शेवटपर्यंत घेतल्या नाहीत. "तिच्यासाठी रडायला एक माणूस तरी राहू द्या घरात," म्हणायचे.

"मंग आता रडा कोणीतरी," गुरुजी म्हणाले. "त्याबिगर ते जायचे न्हाईत."

सगळ्यांनी प्रयत्न केला. केदारच्या बायकोनं, शैलानं, पदरानं डोळे चोळून लाल केले. पण कोणाच्याच ओठांवरचं हसू जाईना.

एवढ्यात पिंडापाशी कोणीतरी हुंदके देऊन रडायला लागलं. तिथं कोणीच नव्हतं. कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

आवाज अण्णांचा होता. गुरुजी ताम्हण तिथंच टाकून पळाले. घरच्यांनीही तो ओळखला, पण कोणालाच भीती वाटली नाही.