टर्कोबाचा पहारा

गल्लीतला मोकाट टर्की रस्त्यावरच्या खुर्चीवर चढला आणि फिलोमिनाबाईंनी खिडकीतच कपाळावर हात मारून घेतला. "मेल्या, उतर! ती जागा माझ्या लेकीची आहे!"

टर्कोबांनी पिसारा फुलवला. उतरायचं नाव नाही.

आमच्या डॉर्चेस्टरात रस्त्याकडेचा बर्फ उपसून गाडीपुरती जागा मोकळी करायची आणि तिथं खुर्ची मांडायची, की ती जागा तुमची. शेजाऱ्याची बायको पळवलीत तर लोक एक वेळ माफ करतील, खुर्ची हलवलीत तर नाही. सत्तरी उलटलेल्या बाईंनी सकाळपासून कंबर मोडेस्तोवर फावडं मारलं होतं, ते नोरासाठी. बाईंच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला मायलेकींचं कडाक्याचं वाजलं होतं. तेव्हापासून फोनवर लेकीचं एकच पालुपद, "येईन गं आई, पण तुझ्याकडे गाडी कुठे लावू?" आज बाईंनी फोन करून ठणकावलं होतं, "जागा तयार आहे. शिंपल्यांचं सूपही तयार आहे. ये!" पलीकडून आधी नुसतं "अं..." आलं. मग, "बरं. येते."

आधी टर्कीचा फायदाच झाला. लाल गाडीतून कुणी उपरा उतरला, खुर्ची उचलायला वाकला, तोच टर्की अंगावर धावला, आणि गडी जो पळाला तो गाडीत शिरून दार न लावताच निघून गेला. समोरचा रॉको पायरीवर उभा राहून खो-खो हसला.

"फिलोमिना, पगार काय देतेस गं या रखवालदाराला?"

बाईही हसल्या. आणि एकदम थांबल्या. चकचकीत गाडीत स्वतःचं रूप दिसलं की हा टर्की त्याला दुसरा नर समजून चोची मारत सुटतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नोराच्या गाडीला तो थोडाच सोडणार! आणि नोराला परत फिरायला तेवढं निमित्त पुरे होतं.

बाई झाडू घेऊन बाहेर आल्या. टर्की खाली उतरला आणि सरळ अंगावर चालून आला.

"मागं सरू नकोस!" रॉको ओरडला. "घाबरलीस की संपलीस!"

"मग तू ये ना इकडे, मोठा आलाय शूरवीर!"

रॉको दाराआड झाला. बाईंनी डोळे वटारले, झाडू उगारला आणि तोंडाला येतील त्या शिव्या घालत पुढे सुटल्या. नवऱ्यानं जन्मभर ऐकलेल्या, सगळ्या. टर्कोबा बिचकले, मान आखडली आणि रॉकोच्या पायऱ्यांकडे पळाले.

बाई धापा टाकत जागा राखून उभ्या राहिल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरून नोरा आली. चालत. हातात केकचं खोकं, बूट बर्फानं चिंब.

"अगं, गाडी कुठंय?"

"गाडी? ती तर मागच्या उन्हाळ्यातच विकली की," नोरा बोलून गेली. आणि तिनं जीभ चावली.

बाईंनी कमरेवर हात ठेवला. आवाज चढाच निघाला.

"मग गेल्या आठवड्यापर्यंत 'गाडी कुठे लावू, गाडी कुठे लावू', ते काय होतं गं?"

"सबब होती, आई," नोरा खाली बघत म्हणाली. "आज तू जागा करून ठेवलीस, आणि मला दुसरी सुचेना."