समजा

आग लागली तर पेशंट बाहेर कसे काढायचे, याचं प्रशिक्षण हॉस्पिटलचे मोठे साहेब नर्सना वॉर्डातच देत होते. "समजा, आग लागलीय," ते म्हणाले. वॉर्डच्या सिस्टरने पेशंट झालेल्या नव्या नर्सला चादरीसकट ओढत मागच्या दारापर्यंत नेलं. दाराला कुलूप. त्याबद्दल सिस्टरने तीन अर्ज दिले होते, पण कुणी दाद घेतली नव्हती.

"समजा, दार उघडं आहे," घड्याळावरची नजर न काढता साहेब म्हणाले. "चला पुढे."

सिस्टरने भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर उचलला आणि तीन घावांत कुलूप तोडलं.

साहेबांचा पारा चढला. "अहो सिस्टर, किल्ली होती ना ऑफिसात. आता हे दार असं सताड उघडं ठेवायचं का?"

तिने धाप आवरत सिलिंडर परत जागेवर लटकवला.



"समजा, दाराला कुलूप आहे."