लाल की हिरवं

"लाल टाकू की हिरवं, तेवढं सांगा ताई. माझ्याकडं दोन्ही आहेत," धनेश म्हणाला.

"हाताला लागेल ते टाकायचं नसतं, भाऊ. जुन्या गाडीची रबरी सील चुकीच्या तेलानं फुगतात. मग गळती. आणि खाली डाग पडला की पप्पांना कळलंच म्हणून समजा."

हर्षाली पहिली शिफ्ट संपवून चाकणहून थेट धनेशच्या चिखलीतल्या गॅरेजवर आली होती. स्टिअरिंग बनवणाऱ्या कंपनीत ती नुकतीच लाइन लीडर झाली होती. रविवारी कंपनीत कुटुंबांचा मेळावा होता आणि पप्पांनी जाहीर करून टाकलं होतं, "तुला गेटवर मीच सोडणार. स्वतःच्या हातानं."

घोडं त्या हातापाशीच अडलं होतं.

पप्पांची, म्हणजे विलासरावांची, गाडी पंचवीस वर्षांची. साधं मॉडेल, तेलाच्या दाबानं चाक हलकं करणारं पॉवर स्टिअरिंग नसलेलं. "ताकद मनगटात पाहिजे, तेलात नाही," असं ते साऱ्या दापोडीला ऐकवत. अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबण्यात काढलेला माणूस, त्याला शोभायचंही. मग उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. घराजवळच्या वळणावर स्टिअरिंग अर्ध्यावर अडकलं, मागून हॉर्न वाजले आणि शेजारच्याला बोलावून गाडी लावावी लागली. त्या दिवशी किल्ली खुंटीवर गेली आणि पप्पा खिडकीत. महिनाभर धड बोलले नाहीत.

हर्षालीला ते बघवेना. रंगकामाच्या नावाखाली तिनं गाडी आठ दिवस धनेशकडे ठेवली. त्याच गाडीच्या महागड्या मॉडेलचं पॉवर स्टिअरिंग कुदळवाडीच्या भंगारात मिळालं, ते गुपचूप बसवलं.

गाडी परत आली त्या दिवशी पप्पांनी तेच वळण एका हातानं घेतलं.

"बघितलंस? व्यायामाचा गुण!"

दहा महिने हेच चाललं होतं. हर्षाली शेजारी बसलेली असली की दंड थोपटणं जरा जास्तच. तिला हसू यायचं आणि डोळेही भरायचे. आपल्या बापाची मान आपण ताठ ठेवली, याचा तिला लाइन लीडर होण्यापेक्षा जास्त अभिमान होता. खांदा वर जात नाही म्हणून पप्पा बॉनेटला हात लावत नव्हते, ते एका अर्थी बरंच होतं.

पण बुधवारपासून स्टिअरिंग वळवलं की घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. स्टिअरिंगचं तेल कमी झालं होतं. कुणा शेजाऱ्यानं "बघू काय झालंय" म्हणत बॉनेट उघडलं की संपलं. माणूस पुन्हा खिडकीत.

"तेलाच्या टाकीच्या झाकणावरची अक्षरं तर झिजून गेलीत," धनेश म्हणाला. "मागं मी काय टाकलं होतं, आता मलाही आठवत नाही."

"म्हणून तर जुनं ड्रॉइंग शोधून काढलं. दोन दिवस गेले त्यात. या पंपाला लालच लागतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवालं. सकाळी गाडी घेऊन येते."

घरी पोहोचली तर आईच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. हातात पप्पांचा पांढरा शर्ट.

"बाहीवर बघ, लालभडक! दोनदा घासला तरी निघेना. डॉक्टरांनी पान-तंबाखू बंद केलंय ना हो?"

पप्पा स्टुलावर बसून गॅसचा रेग्युलेटर तपासत होते. तपासून झाल्यावर त्यांनी खिशातला मार्कर काढला आणि जोडावर पिवळी रेघ ओढली. कंपनीची सवय. बोल्ट आवळला की रेघ, म्हणजे दुसऱ्यानं पुन्हा बघायला नको. घरातले पंखे, नळ, पलंगाचे स्क्रू, सगळ्यांवर त्या रेघा होत्या. हर्षालीही लाइनवर तेच करायची; फक्त पप्पांच्या गाडीत तिनं मुद्दाम मार्कर लावला नव्हता.

"खाल्लं एक पान," पप्पा खाली मान घालून म्हणाले. "चुकलं, कस्तुरा."

एवढ्या पटकन ते कधी चूक कबूल करत नसत. आईचाही आवाज उतरला.

"पप्पा, गाडीचा आवाज येतोय ना?" हर्षालीनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पट्टा असेल. पावसाळी हवेत कुरकुरतो." त्यांनी मार्कर खिशात ठेवला. "तू नको काळजी करू. परवा बघ कशी वळवतो ते, एका हातानं!"

सकाळी मेळाव्यासाठी आईला साडी आणायची, असं सांगून तिनं किल्ली घेतली. दापोडीतून चिखलीला पोहोचेपर्यंत डझनभर वळणं आली. आवाज एकदाही आला नाही. गार इंजिनाचा परिणाम असेल, असं तिनं मनाला समजावलं.

धनेशनं बॉनेट उघडलं, टाकीचं झाकण फिरवलं आणि आत डोकावून तिच्याकडे पाहिलं.

"ताई, मस्करी करता का राव? वरच्या खुणेपर्यंत भरलंय की. एकदम ताजं, लाल."

"मी नाही टाकलं."

"मीपण नाही. गाडी तर दिवाळीपासून इकडं आलीच नाही." त्यानं बारीक पाइप चाचपला. "आणि ही क्लिपही कुणीतरी आवळलीय. इथूनच झिरपत असणार."

हर्षालीनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि खाली वाकली.

क्लिपच्या स्क्रूवर नुकती ओढलेली पिवळी रेघ होती. तिच्याखाली, धुळीनं पुसट झालेली, दहा महिन्यांपूर्वीची आणखी एक.