डावीकडचा तबला

"डावीकडचा तबला पुन्हा फिका!" श्रीरंग करवादला. हेडफोन बदलून झाले, अ‍ॅम्प्लिफायर बदलून झाला, आज नवा डिजिटल कन्व्हर्टरही जोडला. तरी सतार उजवीकडून भरून येत होती आणि तबला डावीकडून दबकाच. तीन यंत्रं एकाच बाजूला कशी रुसतील?

"हेडफोन उलटे घालून बघा की," मटार सोलता सोलता बायको म्हणाली.

त्यानं डावी बाजू उजव्या कानावर चढवली. तबला खणखणीत वाजू लागला.

आणि सतार फिकी पडली.

तो गोंधळून यंत्रांकडे पाहत राहिला. मग त्याचा हात हळूच डाव्या कानाकडे गेला.

"तुला माहीत होतं?"

"वर्षभर जेवायला तुमच्या उजवीकडे बसतेय," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं, पंख्याच्या वाऱ्यासाठी?"