खोलीची शांतता

आवाजांच्या संग्रहालयात ताईचा नेम होता: कुणी बोलण्याआधी रिकाम्या खोलीची शांतता टिपायची. आजही तिनं यंत्र सुरू केलं, तोच धाकट्या बहिणीचा नवरा आत घुसला. त्यानं कडी लावली. “टेप द्या, ताई.” धाकटीनं त्या टेपवर घरातले आवाज टिपून आणले होते. भांडी, नळ, मग अशीच कडी आणि किंकाळ्या. मोडलेल्या हाताचं विचारलं तर म्हणे, “पडले.” ताईनं त्याला विचारलं, “तिचा हात तूच मोडलास?” “मोडला! आता तुमचा मोडतो.” त्यानं ताईचं डोकं टेबलावर आपटलं. “ओरडा! इथून आवाज बाहेर जात नाही ना?” मग माइक जमिनीवर फेकून लाथांनी चेचला. ताई रक्त थुंकून हसली. “वेड्या, माइक म्हणजे नुसता कान. आवाज शेजारच्या खोलीत साठतो.” तिथं हेडफोन लावून बसलेली धाकटी भिंतीवरच्या स्पीकरमधून बोलली, “ताई, पोलिसांना बोलावलंय. सांगितलं त्यांना, मी पडले नव्हते.”