बाहेरची कडी

शहरातल्या चोऱ्या निम्म्यावर आल्याची बातमी पेपरात वाचून कुलूपवाल्याची बायको म्हणाली, "चला, आता चोरांबरोबर आपणही उपाशी!"

त्याच दुपारी एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला. बाई एकट्याच राहत होत्या. त्यांना दाराला नवी कडी हवी होती.

"बाई, आता एवढं भ्यायचं कारण नाही," जुनं कुलूप उतरवताना तो म्हणाला.

कुलपाभोवती, दाराच्या आतल्या बाजूला, नखांचे ताजे ओरखडे होते. त्याने हळूच बाईंच्या हातांकडे पाहिलं. नखं नीट कापलेली होती.

"कडी बाहेरून बसवा, दादा."

त्याला जरा नवल वाटलं, पण त्याने मुकाट्याने काम उरकलं. बाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कडी घातली आणि दोनदा ओढून पाहिली.

"कुठे निघालात?"

"लेकीकडे. कायमची."

बाई फाटकाबाहेर पडून कोपऱ्यावर वळल्या. तो हत्यारं गोळा करायला खाली वाकला, तेवढ्यात दाराच्या आतून, अगदी बाईंच्याच आवाजात, कुणीतरी दबकत विचारलं, "दादा, गेली का हो ती?"