खोलीतली शांतता

इतालो टोमे गावच्या बंदरातून मासेमारीला गेला, तो परत आलाच नाही. त्याच्यावरच त्याची बहीण यास्ना माहितीपट करत होती. कॅमेरा उसना, माइक उसना आणि माणसं म्हणाल तर ती आणि तिची आई.

स्वयंपाकघरातली मुलाखत संपली. यास्नानं हेडफोन नीट बसवला. "आई, आता जरा गप्प बस. खोलीतली शांतताही रेकॉर्ड करावी लागते, नंतर जोडायला."

"गप्प बसण्याचंही शूटिंग? धन्य आहे तुमची," म्हणत आईनं डोळे मिटले.

हेडफोनमध्ये लांबचा समुद्र आला. मग कपात चमचा फिरू लागला, सावकाश, साखर विरघळवत.

यास्नानं पाहिलं. आईचे हात मांडीवर होते आणि टेबल केव्हाच आवरलेलं होतं. तिनं हेडफोन काढला तर खोली चिडीचूप. पुन्हा लावला तर चमचा फिरतच होता. माइक इतालोच्या खुर्चीकडे वळवल्यावर आवाज वाढला.

"झालं, आई," ती कशीबशी म्हणाली आणि बटणाकडे हात नेला.

"एवढी कसली घाई?" डोळे न उघडताच आई म्हणाली. "त्याला कप तरी खाली ठेवू दे."

आणि यास्नाच्या अगदी कानाशी, कप बशीत टेकला.